फोटोविक्रीचा जोडधंदा : आशा किती धरावी ?

शेतीस कांहीं तरी जोड असावी, हें आतां कोणास पटवून द्यावयास नको. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत दुभतीं जनावरें, शेळ्या, कोंबड्या, रेशीम ह्यांचा विचार बहुतेक घरीं होऊन चुकला आहे. अलीकडे शिकलेल्या तरुणांत आणखी एका धंद्याची चर्चा चालते. मोबाइलवर काढलेले फोटो इंटरनेटवरील चित्रसाठ्यांत ठेवावे, आणि जगांत कोणींही ते घेतले कीं आपल्या खात्यांत पैसे जमा व्हावे, असा हा धंदा आहे. ह्यांत तथ्य किती व भ्रम किती, हें आमच्या वाचकांनीं पदरचे पैसे घालण्यापूर्वीं पाहावें, म्हणून हा लेख लिहिला आहे.

चित्रसाठा म्हणजे एक प्रकारची अडतच होय. माल येतो, गिऱ्हाईक येतें, व मधला आपला वाटा घेतो. भेद इतकाच कीं, येथें माल एकदां गेला म्हणून संपत नाहीं. विकला जातो तो फोटो नव्हे, तर फोटो वापरण्याचा परवाना. मालकी काढणाराकडेच राहते, व तोच फोटो पुनःपुन्हां जाऊं शकतो. कॅनडांतील आयस्टॉकफोटो २००० सालीं व न्यूयॉर्कचें शटरस्टॉक २००३ सालीं निघालें. अॅडोबी कंपनीनें २०१५ सालीं फोटोलिया विकत घेऊन ह्या धंद्यांत पाऊल टाकलें. आपल्या देशांत संदीप माहेश्वरी ह्यांनीं २००६ सालीं इमेजेसबझार काढून भारतीय चित्रांचाच साठा उभारला. वर्तमानपत्रें, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, बियाण्यांच्या व औषधांच्या कंपन्या, जाहिरातदार हे सारे ह्या बाजारांतील गिऱ्हाईक होत.

आतां वाट्याचें पाहूं. अॅडोबीकडे फोटोच्या विक्रीपैकीं काढणारास ३३ टक्के मिळतात. शटरस्टॉकनें २०२० सालीं दर बदलले. तेथें विक्रीच्या प्रमाणांत १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, आणि दर १ जानेवारीस पुन्हां तळापासून चढावें लागतें. असा दर आपल्या बाजारसमितींत कोणी लावला असता तर त्या दिवशीं सौदे निघाले नसते ! वर्षाची वर्गणी भरलेल्या गिऱ्हाइकानें फोटो घेतल्यास अॅडोबीकडून बहुधा ३३ सेंटांच्या आसपास पडतात, व २५ डॉलर जमल्यावांचून रक्कम काढतां येत नाहीं; म्हणजे सुमारें ७६ वेळां विक्री झाल्यावर पहिला पैसा हातीं येणार. शंभर विक्रींचे ३३ डॉलर होतात. डॉलरास ८५ ते ९० रुपये धरले तर ही रक्कम २,८०० ते ३,००० रुपये भरते. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरला होता. तेव्हां शंभर विक्री म्हणजे अर्ध्या क्विंटलाहून थोडें अधिक सोयाबीन, आणि शंभर विक्री होण्यास नवख्यास महिने नव्हे, वर्षेंही लागूं शकतात. कर्ज काढून कॅमेरा घेणारानें हा हिशेब घरांत सर्वांसमक्ष मांडावा. ह्या कंपन्या नांव नोंदविण्यास कांहीं घेत नाहींत. म्हणून नोंदणीची अथवा हमखास कमाईच्या शिकवणीची फी मागणारा भेटला, तर त्याची कमाई कोठून होते हें उघड आहे.

मग हें करूंच नये काय ? आमचें मत तसें नाहीं. ज्याच्या हातीं मोबाइल आहे, व जो रोज शेतांत जातोच, त्यास खर्च फक्त वेळेचा आहे. प्रश्न माल कोणता न्यावा हा आहे. उगवता सूर्य, फुलावरील दंव, पावसाचे थेंब ह्यांचे फोटो तेथें कोट्यवधि पडून आहेत. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून अॅडोबी यंत्रानें तयार केलेलीं चित्रेंही घेऊं लागली आहे. अशा बाजारांत आपणांस जागा आहे ती एकाच ठिकाणीं : जें आपण ओळखतों व शहरचा फोटोवाला ओळखत नाहीं, तेथें.

उदाहरणार्थ देवणी गाय घ्या. ‘भारतीय गाय’ एवढ्या नांवाचे फोटो हवे तितके मिळतील. पण देवणींत वानेरा, बालंक्या व शेवरा असे प्रकार आहेत. वानेऱ्याचें अंग पांढरें व तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्याच्या पोटाखालच्या अंगास काळे ठिपके, शेवऱ्याच्या सर्वांगावर वेडेवांकडे काळे डाग. हें ज्यास दावणीवर बोट ठेवून सांगतां येतें, त्यानें प्रत्येकाचा बाजूनें, समोरून व वासरासह असा स्वच्छ फोटो काढून नेमकें नांव लिहिलें, तर पशुवैद्यकाचें पुस्तक छापणारास तो उपयोगी पडेल. लाल कंधारीचेंही तसेंच. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत हीं जनावरें एका ठिकाणीं पाहावयास सांपडतात. पिकांत बोरसुरीची तूर व कास्ती कोथिंबीर ह्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांचे पेरणीपासून काढणीपर्यंतचे फोटो त्या गांवच्या माणसाइतके दुसरा कोण काढील?

रोग व किडी हा तर याहून मोलाचा विषय. २०२२ च्या खरिपांत लातूर भागांत शंखी गोगलगायींनीं सोयाबीनचीं कोवळीं रोपें खाऊन टाकलीं. पुढच्याच वर्षीं पिवळ्या मोझॅकनें मराठवाड्यांत सोयाबीन पिवळें पडलें. ज्यांचें नुकसान झालें त्यांच्या खिशांत मोबाइल होता, पण त्या वेळीं फोटो कोणास सुचणार ! पानाची वरची बाजू, खालची बाजू, एक रोप व सबंध शेत असे चार फोटो सकाळच्या उन्हांत काढले तरी पुरे. मात्र नांव अंदाजानें लिहूं नये. सगरोळी, पोखर्णी वा लातूर येथील कृषि विज्ञान केंद्रांत दाखवून खात्री करावी. चुकीच्या नांवाचा फोटो पाहून दूरचा एखादा शेतकरी भलतेंच औषध फवारील. शोधशब्द इंग्रजींत द्यावे लागतात, त्यांत पिकाचें शास्त्रीय नांवही घालावें. तुरीचें तें कॅजानस कॅजान.

तांत्रिक गोष्टी थोड्या आहेत. फोटो किमान चार मेगापिक्सेलचा लागतो. भिंग पुसून घ्यावें, बोटांनीं चित्र मोठें न करतां स्वतः जवळ जावें, आणि व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पाठवूं नये, कारण त्यांत फोटो आकसतो. खताच्या गोणीवरील वा ट्रॅक्टरवरील कंपनीचें नांव दिसल्यास फोटो जाहिरातीसाठीं घेत नाहींत. सणाचीं चित्रें गिऱ्हाईक आधींच शोधतें. यंदाचा पोळा पुढील वर्षाच्या पोळ्यासाठीं समजावा.

सर्वांत जपावयाचें तें माणसांच्या चेहऱ्यांस. जाहिरातीच्या वापरासाठीं चेहरा ओळखूं येणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमति लागते, व अज्ञान मुलाच्या वतीनें आईबापांची. ही सही नुसता कागद पुढें करून घेऊं नये. कापूस वेचणाऱ्या बाईस तिच्या भाषेंत सांगावें कीं, हा फोटो औषधाच्या, विम्याच्या वा कर्जाच्याही जाहिरातींत छापला जाईल, आणि एकदां परवाना गेला कीं तो परत आणतां येत नाहीं. मजुरी देणारा मालकच फोटो काढीत असेल तर नकार देणें तिला जड जातें, हेंही त्यानें ध्यानांत घ्यावें. दुष्काळाचे फोटो तर फारच विचारानें द्यावे. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें, तेव्हां रांगेंतल्या घागरी देशानें पाहिल्या. असा फोटो बातमीच्या सदरांत, गांव व तारीख घालून द्यावा. तारखेवांचून दिलेला फोटो पुढें पाऊसपाण्याच्या वर्षींही मराठवाड्याचें तोंड म्हणून छापला जातो, आणि त्यावरून आपल्या मुलींच्या सोयरिकी व आपल्या मालाचे सौदे अडतात.

पैसे परदेशी कंपनीकडून पेपाल किंवा पेओनियरमार्फत येतात. पॅन कार्ड व स्वतःच्या नांवाचें बँक खातें असावें, वय अठरा पूर्ण असावें. अमेरिकन कंपन्या आरंभीं कराचा एक अर्ज भरून घेतात. तो टाळूं नये, न भरल्यास अधिक कर कापला जातो. फोटो शेताचा असला तरी हें उत्पन्न शेतीचें नव्हे. प्राप्तिकराच्या हिशेबांत तें निराळें दाखवावें लागतें, म्हणून प्रत्येक जमेची नोंद संमतिपत्रांसह एकाच वहींत ठेवावी.