पडद्यामागचा बिघाड

आमच्या वहिनी दीड वर्ष लॅपटॉप अर्धाच उघडून काम करत होत्या. झाकण साठ-सत्तर अंशांवर, मान खाली, आणि त्या फटीत डोकं घालून शिकवणीच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. झाकण जरा मागे नेलं की पडद्यावर गुलाबी पट्टे उमटायचे, आणखी नेलं की काळोख. "भावजी, त्याला जास्त उघडू नका, लाजतो तो," असं त्या मला बजावायच्या. लॅपटॉप काही बरा झाला नाही, पण मान मात्र दुखायला लागली. तेव्हा तो एका दुकानात दाखवला. दुकानदारानं चालू केला, पट्टे पाहिले आणि लगेच निदान सांगितलं: ग्राफिक चिप गेलीय, बोर्ड बदलावा लागेल. त्यानं सांगितलेल्या आकड्यात थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता.

पुण्याच्या तापकीर गल्लीत एक तरुण कारागीर भेटला. त्यानं स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही. दुकानातल्या जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल लॅपटॉपला जोडली. टीव्हीवर चित्र लख्ख. मग झाकण हळूहळू मागेपुढे केलं. लॅपटॉपवरचे पट्टे येत-जात राहिले, टीव्हीवरचं चित्र जागचं हललं नाही. "चिप ठणठणीत आहे, डिस्प्ले केबल तुटत आलीय," तो म्हणाला. केबल बदलून पंधराशे रुपयांत काम झालं.

पडद्यावर काही विचित्र दिसलं की आपण पडद्याला दोष देतो आणि घाईतला दुकानदार चिपला. चित्राचा रस्ता मात्र बराच लांबचा असतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. हे सगळं सेकंदाला साठदा नव्यानं रंगवायचं, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट एवढी माहिती वाहून न्यायची. ग्राफिक चिप हे चित्र तयार करून आपल्या मेमरीत ठेवते, तिथून ते बोर्डावरून केबलमध्ये शिरतं, केबल बिजागरीतून वळून झाकणात जाते, पॅनेलच्या कडेच्या छोट्या सर्किटपट्टीवर पोचते आणि तिथून केसासारख्या बारीक वाटांनी काचेवर. काचेच्या मागे दिवा लागतो तो वेगळाच. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर होऊ शकतो आणि प्रत्येक टप्प्याची बोंब मारायची तऱ्हा वेगळी. ती तऱ्हा ओळखायला पैसे लागत नाहीत, पण नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं केलं जातं.

बिजागरीपासूनच बघू, कारण सगळ्यात जास्त हाल तिथे होतात. डिस्प्ले केबल म्हणजे तीस किंवा चाळीस बारीक तारांची जुडी. झाकण उघडा-मिटा करताना दर वेळी ती पिळली जाते. एखादी तार आतून तुटत आली की रंग बिघडतो, चित्र लुकलुकतं, आणि झाकणाच्या कोनानुसार दुखणं कमी-जास्त होतं. हा कोनाचा पुरावा मिळाला तर चिपचं नावही काढायचं कारण नाही. मोठमोठ्या कंपन्याही या केबलपाशी ठेचकाळल्या आहेत. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये पडद्याची पट्टीकेबल इतकी आखूड होती की उघडझाप करून करून ती झिजायची. मग पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे प्रकाशाचे झोत दिसायचे आणि शेवटी अंधार. २०१८ च्या मॉडेलमध्ये ती केबल २ मिलिमीटरनं लांब केलेली आढळली. म्हणजे फरक अगदी एवढासा. पण केबल पडद्यालाच जोडलेली असल्यामुळे एवढ्याशा तुकड्यासाठी अख्खा पडदा बदलावा लागे. मे २०१९ मध्ये ॲपलनं त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

पॅनेलचं दुखणं याहून निराळं. वरपासून खालपर्यंत एकच सरळ उभी रेघ, रोज त्याच जागी, त्याच रंगाची, आणि लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह दिसतं तेव्हाही हजर. अशी रेघ बहुधा काचेच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीची असते. ही पट्टी डाखाने जोडलेली नसते, विद्युतवाहक गोंद लावून उष्णतेनं दाबून बसवलेली असते. म्हणून चौकटीच्या कडेला हलकेच दाबलं की रेघ क्षणभर जाते आणि हात काढला की परत येते. तिची घरगुती दुरुस्ती नाही, पॅनेलच बदलायचं. मात्र एक गोष्ट ग्राहकाला सहसा सांगत नाहीत. पॅनेल लॅपटॉपच्या कंपनीचं नसतं. पाठीमागच्या लेबलवर एलपी१५६, बी१५६, एन१५६ असा क्रमांक असतो. त्यातलं १५६ म्हणजे १५.६ इंच, आणि त्याआधीची अक्षरं एलजी, एयूओ, इनोलक्स अशा मूळ पॅनेल बनवणाऱ्यांची. हा क्रमांक, जोडणीच्या पिनांची संख्या आणि स्क्रू लावायच्या कानांची जागा जुळली, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारं पॅनेलही तेच काम करतं.

काळोख झाला म्हणजे पडदा मेला असंही नाही. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. अक्षरं पुसटशी दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा दिवा लागत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हा दिवा ट्यूबलाइटसारखा असायचा आणि त्याला इन्व्हर्टर नावाची वेगळी पट्टी लागायची. आता एलईडीची माळ असते आणि बोर्डावरचा एखादा फ्यूज उडाला तरी ती विझते.

आता खरा गुंता. पडदा आणि केबल निर्दोष ठरले की उरतात दोघे: सॉफ्टवेअर आणि चिप. दोघांची लक्षणं जुळ्या भावंडांसारखी. चौकटी-चौकटींचं चित्र, रंगीत ठिपक्यांची रांगोळी, मधूनच गोठणं. इथे मला आवडणारी युक्ती म्हणजे स्क्रीनशॉट. पडद्यावर घाण दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. मोबाइलवरही तीच घाण असेल तर चित्र तयार होतानाच बिघडलंय. मोबाइलवर स्वच्छ दिसलं तर बिघाड बहुतेक पुढच्या रस्त्यावर आहे. बहुतेक म्हणतो, कारण काही बिघाड स्क्रीनशॉटलाही चकवतात. तरी फुकटात मिळणारा पुरावा म्हणून याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

ड्रायव्हरचा संशय असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, एक बीप ऐकू येते आणि ग्राफिक ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. विंडोज स्वतःही हे करत असते. चिपनं दिलेलं काम दोन सेकंदांत केलं नाही तर विंडोज ड्रायव्हरला हलवून जागं करते, आणि तरीही तो उठला नाही तर निळा पडदा येतो. अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी सुरू झालेला त्रास असेल तर आधीचा ड्रायव्हर परत बसवून बघावा. पण सेफ मोडबद्दल सावध राहा. 'सेफ मोडमध्ये चित्र नीट दिसतं, म्हणजे हार्डवेअर चांगलं' असं सर्रास सांगितलं जातं. सेफ मोडमध्ये विंडोज साधा, प्राथमिक ड्रायव्हर वापरते, चिपला जवळजवळ कामच पडत नाही. गुडघा गेलेला माणूसही बसल्या जागी ठणठणीतच दिसतो. उलट सेफ मोडमध्ये किंवा त्याच्याही आधी, बायोसच्या पडद्यावरच, कचरा दिसला तर मात्र विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये.

टीव्ही जोडायच्या चाचणीलाही एक पळवाट आहे. दोन ग्राफिक चिप असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये घरचा पडदा प्रोसेसरमधल्या चिपला जोडलेला असतो आणि एचडीएमआयचा पोर्ट थेट दुसऱ्या, मोठ्या चिपला. तिथे टीव्हीवर लख्ख चित्र आलं म्हणजे मोठी चिप आणि तिची वाट बरी आहे एवढंच कळतं. म्हणून तो कारागीर टीव्हीवर थांबला नाही, झाकणही हलवून पाहिलं.

चिपच खराब निघाली तर? इथे २००८ सालची गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला एनव्हिडियानं जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या काही जुन्या चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, आणि ते निस्तरण्यासाठी कंपनी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत आहे. दुसऱ्या दिवशी तिचा शेअर जवळपास ३० टक्के कोसळला. डेल आणि एचपीनं हमीची मुदत वाढवली. शिवाय पंखा जास्त वेळ फिरेल असा बायोस पुरवला, म्हणजे ताप उतरेना म्हणून कपाळावर ओल्या पट्ट्या. ॲपलनंही ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या मॅकबुक प्रोमधल्या ८६००एम जीटी या चिपची जबाबदारी घेतली.

दोष चिपच्या गणितात नव्हता, बैठकीत होता. सिलिकॉनचा तुकडा पालथा घालून खालच्या पट्टीवर शेकडो सूक्ष्म डाखबिंदूंनी बसवतात, प्रत्येक बिंदू साधारण एक दशांश मिलिमीटरचा. गरम झाल्यावर सिलिकॉन जेवढं फुगतं, त्याच्या पाचपट खालची पट्टी फुगते. ही ओढाताण सोसायला मध्ये एक राळेसारखं भरण ओततात. त्या चिपांमध्ये हे भरण कामाच्या तापमानालाच मऊ पडायचं, मग सगळा ताण डाखबिंदूंवर यायचा. लॅपटॉप चालू केला की गरम, बंद केला की गार. लोखंडी तार वाकवून-वाकवून तोडावी तसे ते बिंदू महिन्यामहिन्यांनी चिरत गेले.

या प्रकरणात एक समज इतका घट्ट बसलाय की जाणती माणसंही तो सांगतात. १ जुलै २००६ पासून युरोपनं डाखातल्या शिशावर बंदी घातली, बिनशिशाचा डाख ठिसूळ, म्हणून चिपा गेल्या, असा तो. बिनशिशाच्या डाखानं इतरत्र त्रास दिला हे खरं. पण या चिपांच्या आतले बिंदू भरपूर शिशाचेच होते, बंदीतून त्यांना सूट होती. आणि इथेच दुकानातल्या 'हीट मारून देतो' या उपायाचं पितळ उघडं पडतं.

हीट मारणं म्हणजे गरम हवेच्या ब्लोअरनं चिप तापवणं. काही बहाद्दरांनी तर अख्खा बोर्ड केक भाजायच्या ओव्हनमध्ये ठेवला (आणि नंतर त्याच ओव्हनमध्ये नानखटाई केली असेल तर देव त्यांचं भलं करो). चमत्कार असा की लॅपटॉप खरोखर चालू होतो. समजूत अशी की डाख वितळून पुन्हा जुळला. चिपच्या बाहेरच्या, बोर्डाला जोडणाऱ्या गोळ्या बिनशिशाच्या असतील तर साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळतात. आतले शिशाचे बिंदू वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. तेवढी उष्णता दिली तर चिप आणि बोर्ड दोन्ही वाचायचे नाहीत. म्हणजे आत काही वितळतच नाही. भरण मऊ होतं, सगळं थोडं फुगतं, सरकतं आणि चिरलेल्या कडा पुन्हा एकमेकींना टेकतात. टेकतात, जुळत नाहीत. आठवडाभर चालतं, कधी दोन महिने. तेवढ्यात दुकानदाराची हमी संपलेली असते.

रिबॉलिंगचं थोडं वेगळं. त्यात चिप उपटून खालच्या गोळ्या साफ करतात आणि स्टेन्सिल ठेवून नव्या बसवतात. कसबाचं काम आहे, हात स्थिर लागतो. बोर्ड पडून किंवा वाकून बाहेरच्या गोळ्या चिरल्या असतील तर याने खरंच गुण येतो. आतला बिंदू तुटलेला असेल तर सगळी मेहनत पाण्यात, कारण आत कुणाचाच हात पोचत नाही. अशा वेळी उपाय एकच, नवी चिप. दुरुस्तीवाल्याला म्हणूनच विचारावं: चिप नवी टाकणार की जुनीच परत बसवणार? नवी असेल तर जुनी माझ्या हातात द्या. या प्रश्नावर समोरचा गडबडला तर लॅपटॉप उचलून घरी यावं.

दुकानात देण्याआधी टीव्ही जोडून का होईना, आतला मजकूर काढून घ्यावा. चिप मरायला टेकलेली असताना हे लवकर करावं, कारण अशी यंत्रं एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होतीलच असं नाही. आणि उन्हाळ्यात गादीवर लॅपटॉप ठेवून सिनेमे बघणाऱ्यांनी पंख्याची जाळी वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावी. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात, तिथे धुळीनं बुजलेला पंखा म्हणजे चिपला रोजचं अग्निदिव्य.

मेलेल्या चिपसकटही लॅपटॉप चालवता येतो, याचं एक उदाहरण. २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोमध्ये एएमडीची रेडिऑन चिप होती. ती पट्टे दाखवत, यंत्र परत परत सुरू करत जीव सोडायची. ॲपलनं दुरुस्तीची योजना आणली ती फेब्रुवारी २०१५ मध्ये, तीही मर्यादित काळापुरती. त्यानंतर उरलेल्यांनी स्वतःच वाट काढली. त्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये इंटेलची साधी ग्राफिक चिप होतीच. मग रेडिऑनला कायमचं झोपवायचं ठरलं. आधी सॉफ्टवेअरमधून, आणि ते जमेना तेव्हा १५ इंची यंत्राच्या बोर्डावरचा आर८९११ नावाचा मोहरीएवढा रेझिस्टर उपटून तिची वीजच तोडली. असे लॅपटॉप वर्षानुवर्षं चालले. गेम चालत नाहीत, पण पत्रं, हिशेब, सिनेमे सगळं होतं. फक्त बाहेरच्या मॉनिटरचा पोर्ट त्या मेलेल्या रेडिऑनलाच जोडलेला असल्यामुळे, वहिनींच्या लॅपटॉपवर कारागिरानं सगळ्यात आधी केलेली टीव्हीची चाचणी त्या यंत्रांवर आता करता येत नाही.