झांगर मिळेपर्यंत खाट नको!

दोस्तांनो, पॅराशूट दल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? विमानाचं उघडं दार, खाली झेप घेणारे जवान आणि आकाशात फुललेल्या छत्र्या. पण पॅराशूटचा जवान नेहमीच आकाशातून लढाईत उतरतो असं नाही बरं का! ब्रिगेडियर महंमद उस्मान ५० पॅराशूट ब्रिगेडचे प्रमुख होते, आणि त्यांची सर्वांत मोठी लढाई झाली ती पायी, जम्मूच्या डोंगरांत.

उस्मान मूळचे उत्तर प्रदेशातल्या बीबीपूर गावचे. जन्म १५ जुलै १९१२. वडील पोलीस अधिकारी. लहानपणी उस्मान बोलताना अडखळायचा, पण अंगात धीटपणा भारी! बाराव्या वर्षी विहिरीत पडलेल्या एका मुलाला वाचवायला त्यानं सरळ उडी टाकली होती, असं सांगतात. पुढे इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेऊन तो बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाला.

मग १९४७ साल उजाडलं. देशाची फाळणी झाली, तशी सैन्याचीही वाटणी झाली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. तिकडे या, मोठं पद मिळेल, असा आग्रह उस्मानसाहेबांना झाला. पण त्यांनी ठाम नकार दिला. आपला देश भारत, इथंच राहायचं! त्यांची बदली डोगरा रेजिमेंटमध्ये झाली.

त्याच वर्षी पाकिस्तानातून टोळीवाले काश्मीरवर चालून आले. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते जिथं मिळतात, ते झांगर डिसेंबरमध्ये आपल्या हातून गेलं. आता पुढचा घाला नौशेरावर पडणार हे उघड होतं. तिथली जबाबदारी उस्मानसाहेबांवर आली. त्यांनी शपथच घेतली, झांगर परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही. ऐन हिवाळा, डोंगरातली थंडी, आणि ब्रिगेडचा प्रमुख जमिनीवर चटई टाकून झोपतोय! मग जवान थंडीची तक्रार कशी करणार?

नौशेरात आईबाप गमावलेली बरीच मुलं भटकत होती. उस्मानसाहेबांनी त्यांना गोळा केलं, खायला-प्यायला दिलं, शिकवलं आणि त्यांची 'बालक सेना' उभी केली. ही पोरं गोळीबार चालू असताना निरोप पोचवायची! त्यांतल्या तिघांना पंडित नेहरूंनी सोन्याची घड्याळं बक्षीस दिली. आज आपण मुलांना लढाईच्या जवळपासही फिरकू देणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण ज्यांचं घरच लढाईत सापडलं होतं, त्यांना कुणीतरी जवळ केलं, हेही खरं.

६ फेब्रुवारी १९४८ ला पहाटे हजारो हल्लेखोर नौशेरावर तुटून पडले. ताइनधारच्या चौकीवर नाईक जदुनाथ सिंह शेवटी एकटेच शत्रूवर धावून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. नौशेरा मात्र हललं नाही. शत्रूनं उस्मानसाहेबांच्या शिरावर ५०,००० रुपयांचं इनाम लावलं होतं. त्या काळात ही केवढी रक्कम!

मार्चमध्ये ब्रिगेड झांगरकडे निघाली. तिच्यात आपली मराठा पलटणही होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली आणि डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशात टांगाईलला खरोखरच आकाशातून उतरली. 'झांगर' हा युद्धसन्मान तिच्या नावावर आहे.

१८ मार्चला झांगर परत मिळालं. शपथ पुरी झाली! पण साहेबांसाठी खाट आणायची कुठून? ब्रिगेडच्या मुख्यालयात एकही नव्हती. शेवटी गावातून कुणाची तरी उसनी आणली.

शत्रूनं झांगरचा नाद सोडला नव्हता. ३ जुलैच्या संध्याकाळी तोफांचे गोळे पडू लागले. सगळ्यांनी खडकाच्या आडोशाला आसरा घेतला. उस्मानसाहेब तिथून बाहेर पडले आणि एक गोळा अगदी जवळ येऊन फुटला. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. त्यांनी लग्न केलं नव्हतं. पगारातला बराचसा पैसा गरीब मुलांच्या शिक्षणावर जायचा.

दिल्लीत त्यांच्या अंत्ययात्रेला पंतप्रधान नेहरू आले होते. जामिया मिलिया विद्यापीठाजवळ त्यांची कबर आहे. मरणोत्तर महावीरचक्रानं त्यांचा गौरव झाला. आणि झांगरला, जिथं तो गोळा पडला त्या खडकापाशी त्यांचं स्मारक आहे. दर वर्षी ३ जुलैला जवान तिथं मानवंदना देतात.