एकनाथांच्या भारुडांतील लोकविधींचे रूपांतर

एकनाथांच्या भारुडांतील लोकविधींचे रूपांतर म्हणजे संत एकनाथ (१५३३–१५९९) यांनी देवीचा जोगवा, विंचवाचे विष उतरवणे, भूतबाधा काढणे, नवस बोलणे यांसारख्या लोकप्रचलित विधींची चौकट आणि परिभाषा घेऊन तिच्याद्वारे आपला अद्वैतभक्तीचा विचार मांडण्याची पद्धत होय. या रचनांत विधीतील साहित्य, कृती आणि देवतेचे नाव बहुधा जसेच्या तसे राहते. बदलतो तो त्यांचा अर्थ. मराठी संतवाङ्मय, लोकसाहित्य आणि धर्माचा समाजशास्त्रीय अभ्यास या तिन्ही क्षेत्रांत हा विषय महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

एकनाथ हे गोदावरीकाठच्या पैठणचे. विठ्ठलभक्त भानुदास हे त्यांचे पणजोबा, तर देवगिरी (दौलताबाद) किल्ल्यावरील अधिकारी जनार्दनस्वामी हे त्यांचे गुरू होते. ‘एकनाथी भागवत’, ‘रुक्मिणी स्वयंवर’ आणि ‘भावार्थ रामायण’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. १५८४ मध्ये (शके १५०६) त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले. त्यांची वैचारिक बैठक भागवतधर्माची आहे. सर्व भूतांच्या ठायी एकच तत्त्व आहे, त्याची प्रचिती गुरुकृपेने येते आणि भक्ती हा तिचा सर्वांना खुला असलेला मार्ग आहे, हे तिचे सूत्र सांगता येईल.

त्या काळातील सामान्य माणसाचे धार्मिक जीवन मात्र ग्रंथांपेक्षा विधींवर चालत होते. कुलदेवीचा गोंधळ घालावा, मंगळवारी किंवा शुक्रवारी जोगवा मागावा, आजार हटला नाही तर देवऋषी बोलवावा, विंचू चावल्यास मांत्रिकाकडून उतारा करून घ्यावा, संकटात नवस बोलावा, असा तो व्यवहार होता. गोंधळी, आराधी, वासुदेव, पिंगळा, जोशी, गारुडी, दरवेशी असे अनेक विधिकर्ते आणि भिक्षेकरी त्यासाठी गावोगाव फिरत. एकनाथांनी भारुडांसाठी निवडलेली पात्रे प्रामुख्याने याच वर्गातील आहेत.

‘भारूड’ या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘बहुरूढ’ म्हणजे बहुजनांत रूढ झालेले, ही एक उपपत्ती आहे. दोन तोंडांच्या ‘भारुंड’ या काल्पनिक पक्ष्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. वरवरचा एक आणि आतला एक असे दोन अर्थ भारुडात एकाच वेळी चालतात, म्हणून ही दुसरी उपपत्ती अभ्यासकांना आकर्षक वाटत आली आहे. सादरीकरणानुसार भजनी, सोंगी आणि कूट असे भारुडाचे तीन प्रकार मानतात. एकनाथांपूर्वीच्या संतांनीही रूपकात्मक रचना केल्या आहेत, परंतु विषयांची विविधता आणि संख्या या दोन्ही दृष्टींनी एकनाथांचे भारूड वेगळे ठरते. त्यांच्या नावावर सुमारे ३०० भारुडे सांगितली जातात.

रूपांतराची पद्धत

लोकविधीचे साधारणतः चार घटक असतात: ज्याच्यासाठी विधी करायचा ती पीडा किंवा इच्छा, विधी करणारी व्यक्ती, विधीचे साहित्य आणि ज्या शक्तीला आवाहन करायचे ती देवता. एकनाथ हे चारही घटक कायम ठेवतात आणि त्या प्रत्येकाला मनोव्यापारातील किंवा तत्त्वज्ञानातील एकेक पर्याय देतात. पीडेच्या जागी काम, क्रोध, मोह किंवा भेदबुद्धी येते. साहित्याच्या जागी बोध, सत्त्वगुण किंवा भक्ती येते. विधिकर्त्याची जागा साधक किंवा सद्गुरू घेतो. अखेरच्या चरणात ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा किंवा जनार्दनाचे नाव येते आणि तेथे रूपकाचा उलगडा पूर्ण होतो.

प्रत्येक भारुडात हा उलगडा सारख्याच स्पष्टतेने होत नाही. काही रचना प्रत्येक वस्तूचा अर्थ सांगत जातात, तर काही शेवटपर्यंत तो झाकून ठेवतात. पुढील चार उदाहरणांतून हा फरक दिसून येतो.

जोगवा

जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पेटता पोत घेऊन जोगवा मागतात. नवरात्रात या विधीला विशेष महत्त्व असते. एकनाथांच्या जोगव्यात यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीला अर्थ दिलेला आहे. देवी भवानीच आहे, पण ती अनादी आणि निर्गुण आहे. ती ज्या महिषासुराला मारते तो मोह आहे. माळ घालायची ती द्वैत बाजूला सारून. नवरात्र हे नवविधा भक्तीचे आहे आणि परडी पूर्ण बोधाने भरायची आहे. नवसाने मागायचा पुत्र म्हणजे ज्ञान. ही जोगतीण संसारही सोडते. मात्र तिचा सासरा दंभ आणि नवरा विकल्प आहे. शेवटी नवस महाद्वारी फिटतो आणि जन्ममरणाची फेरी संपते.

मूळ विधीचा क्रम येथे मोडलेला नाही. आवाहन, साहित्य धारण करणे, भिक्षा मागणे आणि नवस फेडणे हे टप्पे त्याच ओळीने येतात. त्यामुळे हे भारूड भारूड म्हणून ऐकता येते आणि देवीच्या उत्सवात जोगवा म्हणूनही गायले जाते.

विंचू

विंचवाच्या दंशावर मंत्र टाकणे, अंगारा लावणे आणि विष ‘उतरवणे’ हा ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वपरिचित उपचार होता. या भारुडात चावणारा विंचू काम-क्रोधाचा आहे. घाम, दाह, प्राणांची तगमग ही दंशाची लक्षणे तंतोतंत वर्णिली आहेत. उतारा म्हणजे तमोगुण मागे सारणे आणि अंगारा म्हणजे सत्त्वगुण.

या रचनेतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. सत्त्वगुणाच्या उताऱ्याने विष उतरते, पण पूर्ण उतरत नाही; थोडी ठणक शिल्लक राहते आणि ती जनार्दनच शमवतात. सत्त्वगुणही अखेर गुणच असल्यामुळे साधकाच्या प्रयत्नाला मर्यादा असते आणि शेवटचे काम गुरुकृपेचे असते, हा एकनाथांचा सिद्धान्त दंशानंतर रेंगाळणाऱ्या वेदनेच्या रोजच्या अनुभवातून मांडला गेला आहे.

भूत

भूतबाधेवरील भारुडात पद्धत उलटी होते. झपाटलेल्या बाईसाठी देवऋषीचे उपाय होतात; लिंबू, नारळ आणि कोंबडा यांचा उतारा टाकला जातो; पण भूत हटत नाही, उलट तेथेच ठाण मांडते. पुढे याच भुताने पूर्वी नारदाला आणि ध्रुवाला धरले होते, असे सांगितले जाते आणि शेवटी ते सर्वांच्या ठायी सदैव असल्याचे कळते. हे भूत म्हणजे परमेश्वर होय. ‘भूत’ या शब्दाचे पिशाच आणि अस्तित्वात असलेले असे दोन्ही अर्थ येथे वापरले आहेत. विंचवाच्या भारुडात विधी यशस्वी होतो. येथे त्याचे अपयश हेच फलित ठरते. पंढरीच्या देवाला झपाटणारे भूत म्हणण्याची कल्पना पुढे तुकारामांच्या अभंगातही आढळते.

रोडग्याचा नवस

विदर्भात आजही गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजून देवाला नैवेद्य दाखवतात. या भारुडातील सून भवानीला असाच रोडगा कबूल करते, मात्र तिचे मागणे घातक आहे. सासरा गावी गेला आहे तो तिकडेच संपावा, सासूचा नाश व्हावा, जाऊ विधवा व्हावी, नणंदेच्या मुलाला खरूज व्हावी आणि नवऱ्याचीही आहुती घ्यावी, असे ती मागते. शेवटी तिला एकटे राहायचे असते. देवतेकडून दुसऱ्याचे वाईट मागणाऱ्या विधीचेच हे रूप आहे.

जोगव्याप्रमाणे येथे पात्रांचे अर्थ दिलेले नाहीत. कीर्तनकार ते आपापल्या निरूपणात सांगतात: सासरची माणसे म्हणजे विकार आणि वासना, तर ‘एकटी’ राहणे म्हणजे एकत्वाचा अनुभव. जोगव्यातील सासरा आणि नवरा यांचे अर्थ पाहता हे निरूपण एकनाथांच्या विचाराशी सुसंगत आहे. तथापि, निरूपणाविना ऐकणाऱ्याला ही सासुरवाशिणीची खरी तक्रारच वाटते. तिची लोकप्रियता बरीचशी या वरच्या अर्थामुळेच आहे.

तौलनिक विचार

बाह्य विधीचे आंतरिक उपासनेत रूपांतर ही भारतीय परंपरेत नवी गोष्ट नाही. तंत्रमार्गातील अंतर्याग आणि सर्वत्र रूढ असलेली मानसपूजा ही त्याचीच रूपे आहेत. त्या परंपरांत दीक्षित साधक स्वतःच्या उपासनेसाठी विधी मनात करतो. एकनाथांनी मात्र हे रूपांतर चौकात, सर्वांसमोर आणि हसत-खेळत केले.

पाश्चात्त्य विधिप्रधान गूढविद्येतील एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या संस्थेत पंचकोणी ताऱ्याचा एक निवारणविधी शिकवला जाई. चार दिशांना पंचकोण रेखून, हिब्रू देवनामे उच्चारून आणि देवदूतांना आवाहन करून साधक आपले स्थान शुद्ध करी. या संस्थेतून बाहेर पडलेल्या अलिस्टर क्रौली यांनी आपल्या ‘थेलेमा’ या मताला अनुसरून त्याचे ‘स्टार रूबी’ हे नवे रूप तयार केले. त्यात चार दिशांची चौकट राहिली, पण नावे बदलली. एकनाथांची रीत याच्या नेमकी उलट आहे. त्यांनी भवानीचे नाव, परडी आणि अंगारा हे सर्व राहू दिले आणि केवळ अर्थ बदलला. क्रौली यांचा विधी मोजक्या साधकांपुरता राहिला, तर भारूड मूळ विधी जाणणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच चरणापासून ओळखीचे वाटले.

मतभेद आणि मर्यादा

रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथात गोंधळी, वासुदेव आदी विधिकर्त्यांच्या परंपरांचा अभ्यास केला आहे. अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी एकनाथांच्या भारुडांकडे भिन्न समाजसंस्कृतींना जोडणारा दुवा म्हणून पाहिले. पैठणच्या ब्राह्मण कुटुंबातील हा कवी महार, जोगतीण किंवा फकीर यांच्या तोंडून बोलतो, ही बाब त्या काळी असाधारण होती.

या पद्धतीबाबत दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, रूपकासाठी घेतलेली भाषा आपल्या काळाची विषमताही सोबत आणते. जोगव्यात झोडपण्याच्या काम-क्रोधांना एका बहिष्कृत जातीचे नाव दिले आहे. दुसरा आक्षेप परिणामाविषयी आहे. विधीची चौकट जशीच्या तशी राहिल्याने ऐकणारा नवा अर्थ न घेता जुना विधीच अधिक श्रद्धेने करू लागण्याची शक्यता उरते. याउलट, केवळ निषेधाने जे लोक दुरावले असते त्यांच्यापर्यंत एकनाथ पोहोचले, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. भारुडे दीर्घकाळ मौखिक परंपरेने आणि हस्तलिखितांतून टिकली. त्यामुळे त्यांत पाठभेद आढळतात.

वर्तमान संदर्भ

ज्या विधींवर ही रूपके उभी आहेत ते पूर्णपणे लुप्त झालेले नाहीत. बुलढाणा, चिखली आणि धाड यांच्या परिसरातील पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. बाधा दूर व्हावी या श्रद्धेने तेथे विविध धर्मांचे लोक येतात आणि होळीला नारळांची होळी पेटवली जाते. भूताच्या भारुडातील नारळाचा उतारा अशा ठिकाणी श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने (२०१३) साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. या कायद्यातून कीर्तन, प्रवचन, भजन आणि यात्रा वगळलेल्या आहेत. विंचूदंशाची बाब गंभीर होती, कारण कोकणातील लाल विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर या दंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. खऱ्या विंचवावर दवाखाना आणि काम-क्रोधाच्या विंचवावर सत्त्वगुण, असा भेद आजचे अनेक भारूडकार सादरीकरणातच स्पष्ट करतात.

शाहीर साबळे यांच्या गायनाने विंचवाचे भारूड शहरी श्रोत्यांपर्यंत पोहोचले. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे (मृत्यू २०२१) हे ‘बुरगुंडा’ या भारुडासाठी विशेष प्रसिद्ध होते. व्यसनमुक्तीसारख्या विषयांसाठीही त्यांनी हा प्रकार वापरला. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी स्त्री-भारूडकार म्हणून ओळख मिळवली. जुना विधी आणि नवा अर्थ यांची एकनाथांनी घातलेली सांगड या सादरीकरणांत पुन्हा नव्या अर्थांसाठी वापरली जाते.

हेही पहा

एकनाथ
भारूड
गोंधळ
जोगवा
जादूटोणाविरोधी कायदा