गाडीचे कागद: एकदा भरले म्हणजे सुटलो?

घरखर्चाच्या वहीत गाडी दोनच ठिकाणी दिसते: कर्जाचा हप्ता आणि पेट्रोल. कर, पासिंग, विमा, लायसन्स हे सगळं गाडी घेताना उरकलं, अशी बहुतेकांची समजूत असते. केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातला प्रवास-वाहतुकीचा वाटा २०११-१२ मध्ये सुमारे ४.२ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये साडेसात टक्क्यांच्या घरात गेला. यात इंधन आणि बसभाडं मोठं आहे हे खरं. पण कागदांचा खर्च नेमका हिशेबात धरलेला नसतो, म्हणून तो जास्त जाचतो.

‘रोड टॅक्स एकरकमी भरलाय, आता काही नाही.’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ टक्के कर एकदाच घेतात, हे बरोबर. पण खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांचीच असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क दुचाकीला ३०० वरून १,००० रुपये आणि कारला ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी तेच २,००० आणि १०,००० करण्यात आलं. शिवाय राज्याने २०१० मध्ये लावलेला पर्यावरण कर आहेच: पाच वर्षांसाठी दुचाकीला २,००० आणि पेट्रोल कारला ३,००० रुपये. म्हणजे पंधरा वर्षं वापरलेल्या स्कूटरसाठी तीन हजार, तर कारसाठी आठ हजार एकदम काढावे लागतात. ज्या घरात त्या स्कूटरवरच दूध किंवा भाजी पोचवली जाते, तिथे ही रक्कम लहान नाही.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे: पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते. जुन्या गाड्यांवरच्या बंदीची ती चर्चा दिल्ली परिसरातली. महाराष्ट्रात तपासणीत ठीक ठरलेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवता येते. ‘आता नूतनीकरण होत नाही’ असं सांगून कुणी गाडी मातीमोल भावाने मागत असेल, तर आधी आरटीओत विचारा.

लायसन्स संपल्यावर महिनाभर चालतं, हे पूर्वी खरं होतं. १ सप्टेंबर २०१९ पासून ती सवलत गेली. मुदत संपण्याआधी वर्षभरापासून अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

भाड्याच्या गाडीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे पैशांपेक्षा धोका मोठा आहे. गोव्याला गेल्यावर स्वस्त मिळते म्हणून अनेक जण पांढऱ्या पाटीची स्कूटर किंवा कार घेतात. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने देणं बेकायदा आहे. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. अपघात झाला, तर वाचवलेल्या दोनशे रुपयांच्या बदल्यात नुकसानभरपाईचा भार थेट तुमच्यावर येऊ शकतो. गोव्यात तरी पाटी पाहिल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

आणि गाडी विकत न घेता लीजवर घेतली तर? हप्त्यात सगळं आलं म्हणून ते स्वस्तच, असं नाही. कंपनीच्या नावावर नोंदलेल्या गाडीला महाराष्ट्रात २० टक्के कर लागतो. नऊ लाखांच्या पेट्रोल कारवर तुमच्या नावाने ९९ हजार, तर कंपनीच्या नावाने १ लाख ८० हजार. हा फरक शेवटी मासिक हप्त्यातूनच वसूल होतो. करारावर सही करण्याआधी नोंदणी कुणाच्या नावावर होणार, हे विचारून घ्या. आणि घरच्या गाडीच्या आरसीवर नोंदणी कधी संपते ती तारीख आजच वहीत लिहा. त्या महिन्यासाठी पैसे आतापासून थोडे थोडे बाजूला टाका.