तेलवाहू जहाजांची सुरक्षितता, अरुंद किनारी जलमार्गांतील

खनिज तेल वाहून नेणाऱ्या मोठ्या जहाजांना खुल्या समुद्रापेक्षा बंदराच्या तोंडाशी अपघाताचा धोका अधिक असतो. तेथे पाणी उथळ, मार्ग अरुंद व वळण्यास जागा अपुरी असते. पूर्ण भरलेल्या दोन-अडीच लाख टनी जहाजाचा पाण्याखालील भाग, म्हणजे डूब, सु. २० मी. असते. पूर्ण वेगात यंत्रे उलटी फिरविली, तरी असे जहाज थांबेपर्यंत काही किमी. पुढे जाते, आणि वेग उतरला की सुकाणूचा जोरही उतरतो.

उथळ पाण्यात चालत्या जहाजाच्या तळाखालून पाणी वेगाने मागे सरते, तेथील दाब घटतो व जहाज खाली बसते. हे बसणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ढोबळ हिशेबाने ताशी १० सागरी मैल वेगाच्या मोठ्या तेलवाहू जहाजाची डूब मोकळ्या उथळ पाण्यात सु. ०·८ मी., तर चिंचोळ्या मार्गात सु. १·६ मी. वाढते. वेग निम्मा केल्यास ही वाढ एक-चतुर्थांशावर येते. तळाखाली जेमतेम मीटर-दोन मीटर पाणी असताना यापेक्षा स्वस्त खबरदारी नाही.

मुंबई बंदरात जवाहर द्वीपाच्या (बुचर बेट) धक्क्यांवर माहूल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी कच्चे तेल उतरवितात. उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक येथे साडेतीन मीटरांहून अधिक असतो. त्यामुळे खोल डुबीची जहाजे भरती साधून, बंदराच्या वाटाड्याच्या (पायलटच्या) मार्गदर्शनाखाली व टगांच्या साहाय्याने आत घेतात. भांगाच्या दिवसांत हा लाभ घटतो.

भरती पाणी देते, तशी घाईही लावते. १८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज मिलफर्ड हेवन बंदराची भरती चुकू नये म्हणून इंग्लंडच्या नैर्ऋत्येस सिली बेटांजवळून जवळच्या वाटेने गेले व खडकावर आदळले. त्यात सव्वा लाख टनांच्या आसपास कच्चे तेल होते. १९९२ च्या मार्पोल करारातील दुरुस्तीने नव्या मोठ्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे झाले. मात्र त्याने तेल सांडणे कमी होते, रुतणे टळत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया–३’ यांची टक्कर झाली. दोन्ही मालवाहू जहाजे होती, तेलवाहू नव्हती. तरीही ‘चित्रा’चे इंधन किनाऱ्याला लागले आणि जलमार्गात पडलेल्या कंटेनरांमुळे वाहतूक काही दिवस खोळंबली.

अतिविशाल जहाजांना धक्क्यापर्यंत न आणणे हा दुसरा उपाय होय. कच्छच्या आखातात वाडिनारजवळ १९७८ पासून ती समुद्रातील तरंगत्या बोयाला बांधून तेल नळाने किनाऱ्यावर घेतात. अर्थात याच आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळांचे व खारफुटीचे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे.