मालेगावचं भाषण, मुंबईचं हमीपत्र

१४ ऑक्टोबर १९३८ रोजी मालेगावात सावरकरांचं भाषण झालं. आम्हा साक्रीकरांना मालेगाव काही परकं नाही; बाजारहाट, सोयरीक, सगळ्यासाठी तिकडे जाणंयेणं. पोलिसांनी त्या भाषणाचं टिपण घेतलं आणि त्याचं भाषांतर मुंबई सरकारच्या गृहखात्याच्या फायलीत जाऊन बसलं. राष्ट्र हे बहुसंख्याकांचंच बनतं, हे पटवताना सावरकरांनी जर्मनीतल्या ज्यूंचा दाखला दिला होता. ते अल्पसंख्य होते, म्हणून हाकलले गेले, असा त्याचा रोख होता.

पुढे महिनाही उलटला नाही. ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात शेकडो सिनेगॉगांना आगी लावल्या गेल्या, दुकानं फोडली गेली, आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना उचलून छळछावण्यांत टाकलं गेलं. सावरकरांबद्दल लिहिताना हेही नोंदवायला हवं, की डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचं जाहीर स्वागत केलं. पण १९३८ साली ज्यांच्या दारावर बूट वाजत होते त्यांना १९४७ चा पाठिंबा कितीसा कामाचा?

त्याच नोव्हेंबरात, २० तारखेला, वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींनी ‘हरिजन’साठी ज्यूंवर लेख लिहिला, तो २६ तारखेला छापून आला. ज्यूंच्या दुःखाबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता. हिंदूंनी अस्पृश्यांशी जे केलं तेच ख्रिस्ती जगाने ज्यूंशी केलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. उपाय मात्र त्यांनी सत्याग्रहाचा सांगितला. जेरुसलेमहून मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. सत्याग्रहाला पाहणारं कुणी तरी लागतं. जिथे माणूस बंद दाराआड मारला जातो आणि त्याची दखलही घेतली जात नाही, तिथे हे शस्त्र कुणावर चालणार, असा त्याचा मुद्दा होता. मला आजही बुबर यांचंच म्हणणं खरं वाटतं. आणि नाझींच्या छळाचा जिवंत पुरावा गांधीजींच्या आश्रमात आधीच आलेला होता. बर्लिनची शिक्षिका मार्गारेटे श्पीगेल नाझींनी नोकरीवरून काढल्यावर १९३३ मध्ये त्यांच्याकडे आली होती. गांधीजींनी तिचं नाव अमला ठेवलं.

तिसरा आवाज आपल्याच खानदेशातला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. साने गुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी केळीच्या मुलखातल्या शेतकऱ्यांपुढे स्पेन, अ‍ॅबिसिनिया आणि युरोपातल्या फॅसिझमची गोष्ट काढली. श्रोत्यांपैकी किती जणांना ती उमगली असेल, हा प्रश्न मला गौण वाटतो. ती फैजपुरात बोलली गेली हे मोठं. नेहरू नुसते बोलून थांबले नाहीत. ज्यू डॉक्टर, तंत्रज्ञ, शास्त्रज्ञ यांना भारतात घ्यावं, यासाठी त्यांनी डिसेंबर १९३८ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीपुढे ठराव आणला. सुभाषबाबूंना तो मुळीच रुचला नाही आणि पुढच्या वर्षीच्या पत्रात त्यांनी नेहरूंना तसं रोखठोक सुनावलं.

मालेगाव, सेगाव, फैजपूर. तीन जागा, तीन भूमिका, आणि बोलणारी माणसं तिन्हीकडे मोठी. पण व्हिएन्नात किंवा बर्लिनमध्ये वकिलातीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या तिघांपैकी कुणीच व्हिसा देऊ शकत नव्हतं. व्हिसा ब्रिटिश सरकारच्या हाती होता. त्यासाठी सरकार मागत होतं एक कागद: हा माणूस हिंदुस्थानात उतरला तर त्याला पोसणार कोण, याची हमी. नोकरी तरी हवी, नाहीतर जामीन तरी. गोऱ्या कातडीचा माणूस हिंदुस्थानात फाटक्या कपड्यांत हिंडताना दिसणं साहेबांच्या इभ्रतीला परवडत नव्हतं.

जामीन राहण्याचं हे काम मुंबईत १९३४ साली स्थापन झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने केलं. आधी आलेले निर्वासित, ससूनसारख्या धनिक घराण्यांतले बगदादी ज्यू आणि कोकणातून मुंबईला आलेले मराठीभाषक बेने इस्रायल, अशा तीन थरांच्या ज्यू मुंबईत तेव्हा हे घडत होतं. या थरांत आपसात फारसं सख्य नव्हतं. एकमेकांच्या दफनभूमीवरूनही वाद होत. बेने इस्रायलांचं वजन मात्र शहरात मोठं होतं. १९३७-३८ चे मुंबईचे मेयर डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर घराण्यातले, महालक्ष्मीचा ई. मोझेस रोड त्यांच्याच नावाचा. असोसिएशनने हमी घेतली, की व्हिसा मिळण्याची वाट मोकळी व्हायची. अशा कागदांच्या जोरावर आणि नोकरीच्या पत्रांवर हजार ते दोन हजार माणसं या देशात पोचली असावीत. शांघायला उतरण्यासाठी व्हिसाच लागत नव्हता. तिथे १७-१८ हजार जण पोचले. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे व्हिसाची अट. पण आपल्याकडचे हजार-दोन हजार वाचले ते भाषणांनी नव्हे, सह्यांनी वाचले. एवढीच एक गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

या सह्यांचं मोल पारपत्र समोर ठेवल्यावर कळतं. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर लाल शाईत मोठा ‘जे’ उमटवला जाऊ लागला. पुढच्या जानेवारीपासून प्रत्येक पुरुषाच्या नावात ‘इस्रायल’ आणि प्रत्येक बाईच्या नावात ‘सारा’ घालण्याची सक्ती झाली. म्हणजे हा माणूस नाझींचा बळी आहे, हे नाझींनीच छापून दिलं होतं. मुंबईच्या बॅलार्ड पियरवर उतरणाऱ्याच्या खिशात ते पारपत्र असे.

तरीही ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटल्यावर सरकारने पहिल्यांदा पाहिलं ते पारपत्रावरच्या देशाकडे. जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून धरले गेले आणि अहमदनगरच्या छावणीत आणले गेले. हिटलरच्या तावडीतून सुटलेला ज्यू आणि हिटलरची तसबीर लावणारा व्यापारी एकाच तारेच्या कुंपणात! सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली आणि बरेच ज्यू सुटले. पण १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, सरकार पुन्हा बिथरलं आणि सुटलेल्यांतले कितीतरी परत आत गेले. नगरच्या कैद्यांना १९४१ मध्ये देवळालीला हलवलं, तिथून डेहराडूनला. कुटुंबकबिल्यासह राहणाऱ्यांसाठी पुरंदर आणि साताऱ्याला वेगळ्या छावण्या होत्या. तिथे मोकळीक थोडी जास्त, पण हद्द ओलांडायची सोय नाही. सासवडच्या बाजूने पुरंदर चढणारे आपण मुरारबाजीची आठवण काढतो, संभाजी महाराजांच्या जन्माची काढतो. त्याच गडावर व्हिएन्नातले ज्यू आपल्या आईवडिलांच्या पत्राची वाट पाहत दिवस काढत होते, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरच्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. आता ते जर्मनही राहिले नाहीत, तरी इथल्या दप्तरात शत्रूच राहिले.

इथे एक घोटाळा निस्तरायला हवा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची कहाणी वृत्तपत्रांतून आता बरीच फिरते आणि ‘कोल्हापूरने ज्यूंना वाचवलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. वळिवड्याचे बहुतेक लोक कॅथलिक होते आणि त्यांना घराबाहेर काढून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं ते स्टॅलिनच्या राजवटीने. कोल्हापूरचा मोठेपणा त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण एकाचं दुःख दुसऱ्याच्या खात्यावर मांडलं, की दोघांवरही अन्याय होतो.

छावण्यांतून सुटून बाहेर आलेल्या ज्यूंनी आणि युद्धाच्या आधीच आलेल्यांनी या मुलखाला काय दिलं, ते सांगायला एक वेगळा दिवाळी अंक लागेल. कार्ल्सबादचे वॉल्टर कौफमन १९३४ मध्ये मुंबईत आले. आकाशवाणी मुंबईत ते १९३७ पासून संगीताचं काम बघू लागले. रेडिओची सभा सुरू होण्याआधी तानपुऱ्यावर व्हायोलिनची जी धून वाजते, तिची रचना त्यांच्याच नावावर आहे. पहाटे गोठ्यात धार काढताना, चहाच्या टपरीवर, खानदेशातल्या दोन-तीन पिढ्यांनी ती ऐकली. एका निर्वासिताची धून ऐकत आपण घड्याळ लावत होतो. चित्रकलेत तर या मंडळींनी पायाच घातला. रुडॉल्फ फॉन लायडन टीका-समीक्षा लिहीत, वॉल्टर लँगहॅमर नेपियन सी रोडच्या घरी तरुण चित्रकारांना जमवत, एमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रं विकत घेत. लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हते. त्यांची पत्नी ज्यू होती आणि तिच्यासाठी त्यांनी व्हिएन्ना सोडलं. रझा, आरा, हुसेन आणि आपल्या विदर्भातले गाडे या तरुणांना उभं राहायला त्या घरांनी जागा दिली.

औंधचं नावही घ्यायलाच हवं. वॉर्सात जन्मलेले ज्यू अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी १९३८-३९ मध्ये अप्पासाहेब पंतांबरोबर औंध संस्थानच्या ग्रामराज्याच्या प्रयोगात स्वतःला झोकून दिलं. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची कल्पनाही त्यांचीच. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यांनीच इंग्रजीत नेली.

फ्रीडमन इथे होते त्या काळात त्यांच्या वॉर्सात काय चाललं होतं? १९४२ च्या उन्हाळ्यात तिथल्या घेट्टोतून अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली गेली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला आमच्या तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, नंदुरबारला, ‘चले जाव’ चळवळीतला शाळकरी शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीला सामोरा गेला. १९ एप्रिल १९४३ ला वॉर्सातल्या उरलेल्या ज्यूंनी हत्यार उचललं. मोर्देखाई अनिएलेविच त्यांचा म्होरक्या, वय चोविसाच्या आसपास. मोजकी पिस्तुलं आणि हातबॉम्ब एवढ्यावर त्यांनी जर्मन सैन्याला जवळपास महिनाभर झुंजवलं. त्याच वर्षी ट्रेब्लिंका आणि सोबिबोरच्या कैद्यांनीही उठाव केले. ‘ज्यू मुकाट मेले’ असं जे लोक बोलून मोकळे होतात, त्यांनी या तारखा पाहाव्यात.

आणि हत्याराच्या लढाईइतकीच मोलाची दुसरी एक लढाई घेट्टोत चालू होती. एमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने साथीदार जमवून घेट्टोतलं जगणं टिपायला घेतलं. रोजनिश्या, शिधापत्रिका, शाळकरी मुलांचे निबंध, मिठाईची वेष्टनंसुद्धा. पत्र्याच्या पेट्या आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून ते सगळं पुरून ठेवलं. रिंगेलब्लूम १९४४ मध्ये मारले गेले. १९४६ आणि १९५० मध्ये त्यातले दोन साठे ढिगाऱ्याखालून हाती लागले. बुबर ज्या साक्षीची काळजी करत होते, ती साक्ष या माणसांनी मातीत जपली.

मुंबईतल्यांना ही साक्ष याद्यांच्या रूपाने मिळाली. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ मध्ये मुंबईला आली, एका पारशी डॉक्टरशी तिने लग्न केलं, १९४१ मध्ये नृत्यशाळा काढली. युद्ध संपल्यावर हिशेब कळला: आई, सावत्र वडील, बहीण आणि आणखी चौदा नातलग गेले. १९४८ मध्ये ती लंडनला निघून गेली. कौफमन त्याआधीच, १९४६ मध्ये गेले होते. बहुतेक निर्वासित असेच पांगले. पाठोपाठ बेने इस्रायलही मोठ्या संख्येने इस्रायलला निघाले. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने निर्वाळा देईपर्यंत आपल्या राजपूरकर-पेणकरांना धरणी धरावी लागली.

मराठी वाचक दुसऱ्या महायुद्धाचा शौकीन आहे. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’ आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं. पण याच वाचकाच्या गावी, पुस्तकांच्या गाड्यावर, हिटलरचं आत्मचरित्र मराठीत उघड मांडलेलं असतं आणि कॉलेजातली पोरं ‘जिद्दीचं पुस्तक’ म्हणून ते घेतात. मला याचा संताप येतो. पुस्तकावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी देवळाली, पुरंदर, नगर आणि मुंबईच्या हमीपत्रांचं एक तरी पुस्तक मराठीत असावं, एवढं म्हणतो.

ते लिहिण्याची सामग्री आपल्या घरांत असू शकते. युद्धकाळात देवळाली, नगर, साताऱ्याला नोकरी केलेले कारकून, छावण्यांना धान्य-भाजी पुरवणारे ठेकेदार, पोलीस खात्यातले शिपाई, निर्वासित डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेल्या परिचारिका. यांच्या ट्रंकांत पत्रं, फोटो, पावत्या, हजेरीपटाचे तुकडे असतील. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कागद गोळा करण्याचंच काम करत आलं आहे. त्या परंपरेत विसाव्या शतकातल्या या कागदांनाही जागा असली पाहिजे. ज्यांच्याकडे असं काही असेल त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नये. ट्रंक उघडाच, पण कागदावरचं नाव, तारीख आणि शिक्का वाचल्याशिवाय एकही कपटा बाहेर टाकू नका.