गुच्छी फुकट मिळत नाही

हिमाचल, काश्मीर आणि उत्तराखंडच्या जंगलांत मार्च ते मे या काळात उगवणारी गुच्छी ही रानअळंबी वाळली की बाजारात किलोला वीस-तीस हजार रुपये, कधी त्याहूनही जास्त भाव खाते. तिला कोणी पेरत नाही, पाणी देत नाही, राखणही करत नाही. त्यामुळे तिच्याविषयी जे काही छापून येतं त्यात ‘फुकट’ हा शब्द हमखास असतो. डोंगरात फुकट उगवते, गावकरी फुकट वेचतात आणि शहरात ती सोन्याच्या भावाने जाते, अशी ती गोष्ट सांगितली जाते. भावाचं कारण विचारलं तर उत्तरंही ठरलेली असतात. एक तर ती दुर्मिळ आहे, नाहीतर श्रीमंतांच्या जिभेचे चोचले. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींनी मिळूनही हिशेब जुळत नाही. रानात दुर्मिळ वस्तू पुष्कळ असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारत नाही. गुच्छीच्या किमतीचा मोठा भाग म्हणजे एका कसबाची मजुरी आहे. ते कसब कुठे लिहिलेलं नाही, त्याला हत्यारं लागत नाहीत, म्हणून ते कसब आहे हेच नजरेतून सुटतं.

आधी ही वस्तू नीट पाहायला हवी. बाजारात ढिगाने मिळणारी बटण अळंबी आणि गुच्छी बुरशींच्या दोन वेगळ्या संघांतल्या. बटण अळंबीचे बीजाणू छत्रीखालच्या पापुद्र्यांवर तयार होतात. गुच्छीला छत्रीच नाही. तिच्या देठावर मोहोळासारखी, खळग्याखळग्यांची एक टोपी असते, आणि त्या खळग्यांच्या अस्तरात अतिसूक्ष्म नळ्या उभ्या असतात, प्रत्येक नळीत आठ बीजाणू. सुरीने शेंड्यापासून देठापर्यंत उभी चिरली तर आत काहीच नसतं. टोपी आणि देठ मिळून एकच सलग पोकळी, त्यात फार तर एखादी मुंगी आणि थोडी रेती. तिच्या मोर्केला या प्रजातीचा वंश फार जुना. जनुकीय अभ्यासातून निघालेला अंदाज असा, की तो जवळच्या नातेवाइकांपासून सुमारे १२.९ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला. शिवाय यातल्या बहुतेक जाती आपापल्या खंडाबाहेर सापडत नाहीत. फ्रान्समध्ये ‘मोरी’ म्हणून खातात ती आणि कुलूच्या देवदाराखालची गुच्छी या चुलत बहिणी झाल्या, जुळ्या नव्हेत. वर्षातला बहुतेक काळ ही बुरशी जमिनीखाली असते. तिच्या धाग्यांचं कवकजाल मातीत पसरतं आणि हिवाळ्याआधी त्याच्या कठीण गाठी बनतात. थॉमस व्होल्क आणि थॉमस लेनर्ड यांनी १९९० मध्ये या जीवनचक्राची मांडणी केली. वसंतात त्या गाठीपुढे दोन वाटा असतात, पुन्हा कवकजाल व्हायचं किंवा वर येऊन गुच्छी व्हायचं. कुठली गाठ कुठली वाट धरेल, हे आजही कोणाला पक्कं सांगता येत नाही.

वेचणाऱ्याला मात्र ते सांगता आल्यासारखं वागावं लागतं, आणि त्याचं कसब इथेच दिसतं. बर्फ डोंगरावरून एकदम जात नाही. आधी खालचे उतार मोकळे होतात, त्यातही उन्हाकडे तोंड केलेले. सावलीच्या बाजूचे उतार मागाहून, आणि मग बर्फाची रेघ हळूहळू वर सरकते. बर्फ वितळून माती ओली राहिलेली, उन्हाने सुमारे दहा अंशांपर्यंत तापलेली, वर एखादा हलका पाऊस झालेला, असे मोजके दिवस प्रत्येक उताराच्या वाट्याला येतात. म्हणून वेचणारी माणसं बर्फाच्या रेघेमागून चालतात. मार्चअखेर गावाजवळच्या बागांच्या बांधांवर, एप्रिलमध्ये देवदार आणि कैल या चीडवर्गी वृक्षांच्या रानात, मे महिन्यात तीन हजार मीटरच्या आसपास. कुठल्या वर्षी कुठला उतार किती दिवस मागे आहे, गेल्या वर्षी कुठे झाड पडलं, कुठे पाचोळा जळला, ओढ्याचं पाणी कुठे वळलं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. नकाशा नसतो, आणि असता तर तो कोणाला दाखवला नसता. जागा सांगायची नाही हा या धंद्याचा पहिला नियम, तो शेजाऱ्यालाही लागू असतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हे कसब नाही, नशीब आहे. रानात हिंडलं की कोणालातरी सापडणारच. पण अनोळखी माणसाला त्याच जागी सोडून पाहिलं तर हा आक्षेप फार टिकत नाही. तपकिरी पाचोळ्यात तपकिरी, सुरकुतलेली, बोटभर उंचीची वस्तू नवख्याला दिसतच नाही. पायाखाली येते तेव्हाच कळते. ल्यूक टिनबर्गेन या डच पक्षीशास्त्रज्ञाची रानपक्ष्यांबद्दलची एक कल्पना १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. अळ्या टिपणारा पक्षी काही दिवस एका प्रकारची अळी जवळपास टाळतो आणि मग एकदम तीच मोठ्या संख्येने टिपू लागतो, कारण तिची एक शोधप्रतिमा त्याच्या मनात तयार झालेली असते. एक गुच्छी दिसली की पाठोपाठ आसपासच्या पाच दिसतात, असं वेचणारे सांगतात ते नेमकं हेच. डोळ्याला वळण लागावं लागतं, आणि ते लागतं लहानपणी, घरच्यांच्या मागे चढताना. सकाळच्या तिरप्या उन्हात खालून वर पाहत चढायचं, कारण वरून पाहिलं तर टोपी पाचोळ्यात विरते आणि खालून पाहिलं तर तिची कड उठून दिसते. विजेच्या कडकडाटाने गुच्छी वर येते, ही समजूत हिमालयात सर्वत्र आहे. आपल्याकडेही अळंबीबद्दल असंच बोललं जातं. ती हसण्यावारी न्यायचं कारण नाही. कडकडाटामागून येणारी सर मातीला हवी ती ओल देते, हे साधं उत्तर आहेच. शिवाय जपानमध्ये इवाते विद्यापीठाच्या संशोधकांनी शिताके अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन उत्पादन वाढवून दाखवलं आहे. त्यावरून विजेमुळे गुच्छी उगवते असं सिद्ध होत नाही. निरीक्षण मात्र खरं होतं, आणि ते कोणीतरी पिढ्यानपिढ्या नीट सांभाळलं होतं.

कसबाचा दुसरा भाग वेचल्यानंतरचा आहे, त्याची दखल तर त्याहून कमी घेतली जाते. गुच्छी कच्ची खाता येत नाही. २०२३ च्या वसंतात अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या एका उपाहारगृहात कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या मोरेलमुळे, म्हणजे इंग्रजीतल्या गुच्छीमुळे, ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. तो माल रानातला नव्हता, चीनहून आलेला लागवडीचा होता. तिच्यासारख्या दिसणाऱ्या एका बुरशीत, जायरोमित्रात, तर असं विष असतं की ते शरीरात फुटून अग्निबाणाच्या इंधनात वापरतात तेच रसायन बनतं. त्या बुरशीची टोपी खळग्यांची नसून मेंदूसारख्या वळ्यांची असते, आणि चिरली की आत सलग पोकळी न दिसता कप्पे दिसतात. हा फरक दोन ओळींत सांगून होतो. संध्याकाळी दमून परतल्यावर टोपलीतला प्रत्येक नग बघून तो करणं वेगळं. मग वाळवणं. ताज्या गुच्छीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे किलोभर सुक्या मालासाठी दहा किलो ओला माल लागतो. पोकळ असल्यामुळे ती सुतात छान ओवता येते. अशा माळा घरात चुलीच्या वर टांगतात. धूर जास्त झाला तर माल काळवंडतो, ऊब कमी पडली तर आतून बुरशी धरते (बुरशीलाच बुरशी लागते, हे लिहितानाही जरा विचित्र वाटतं). हिमालयातल्या गुच्छीला असलेला मंद धुरकट वास तो याच चुलींचा. तोच पुढे पुलावात उतरतो, विशेषतः भिजवलेलं पाणी न फेकता रेती गाळून वापरलं तर. किलोचा भाव बघताना हे दहा किलो, ते डोंगर आणि त्या माळा सगळं धरावं लागतं. मग त्यातलं फुकट किती उरतं ते पाहावं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. एवढा भाव मिळत असेल तर जंगल ओरबाडलं जाणार, तेव्हा वेचणाऱ्यांना आत येऊच देऊ नये. कुलूतल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात हेच घडलं. १९९९ च्या अंतिम अधिसूचनेनंतर हद्दीत चराईचे आणि वनोपज वेचण्याचे जुने हक्क संपले. भोवतालच्या गावांच्या रोख कमाईत गुच्छी आणि औषधी मुळ्या यांचाच मोठा वाटा होता. २०१४ मध्ये त्या उद्यानाला युनेस्कोचा जागतिक वारसा हा मान मिळाला. पण मूळ खणणं आणि अळंबी खुडणं या एकाच तराजूत घालायच्या गोष्टी नाहीत. मूळ खणलं की झाड जातं. गुच्छी म्हणजे जमिनीखालच्या जीवाचं फळ, तो जीव मागे राहतो. स्वित्झर्लंडमध्ये एका राखीव जंगलात १९७५ ते २००३ अशी २९ वर्षं या प्रश्नाचा माग घेतला गेला. काही तुकड्यांत अळंब्या नियमाने काढल्या, काहींत हात लावला नाही. काढल्यामुळे पुढच्या वर्षांचं पीक घटलं नाही, जातींची संख्याही घटली नाही. पीक घटलं ते पाय पडल्यामुळे, तुडवलेल्या जागांत. हा निष्कर्ष हिमालयाला जसाच्या तसा लावता येणार नाही. माती वेगळी, जाती वेगळ्या. गोव्यात तर उलट उदाहरण आहे. पावसाळ्यात वारुळांवर, कोकणीतल्या ‘रोयणी’वर, उगवणारी अळमी छत्री उघडण्याआधी कळीतच उपटली जाते, म्हणजे बीजाणू सुटायच्या आत. गोव्यातले बुरशीशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं आहे. ती अळमी वाळवीच्या साथीने जगते, तिचं गणितच निराळं. तेव्हा ‘वेचल्याने नुकसान होतं का’ याला एकच उत्तर नाही. जात कोणती, कधी खुडली, किती पाय पडले, यावर ते अवलंबून. आणि याची माहिती ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच सरसकट बाहेर ठेवण्याने जंगल राखायला मदत होते, हे पटत नाही. गुच्छीची खरी काळजी बर्फाची आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना कोरडे होते. रेघच नसेल तर तिच्यामागून चालणार कोण?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. उद्या गुच्छीची शेती होईल आणि हे सगळं कौतुक संपेल. ‘उद्या’ हा शब्द इथे चुकीचा आहे, शेती झालेली आहे. अमेरिकेत रोनाल्ड ओवर यांनी १९८२ मध्ये बंदिस्त जागेत मोरेल उगवल्याचं प्रसिद्ध केलं, १९८६ मध्ये त्यावर पेटंट मिळालं, आणि तरीही पुढची कित्येक वर्षं ती पद्धत भरवशाची झाली नाही. चीनने २०१०च्या दशकात सिचुआनमधून वेगळी वाट काढली. थंडीच्या तोंडाला शेतात बुरशीचं बियाणं पेरायचं, ते मातीवर पांढरं धरलं की गव्हाच्या दाण्यांच्या निर्जंतुक पिशव्या एका बाजूने चिरून उपड्या ठेवायच्या. कवकजाल पिशवीत शिरून अन्न ओढून घेतं, मातीखाली साठवतं आणि वसंतात वर येतं. आज तिथे हजारो हेक्टरांवर ही लागवड होते. डेन्मार्कमध्ये कर्क या जुळ्या भावांनी बारमाही बंदिस्त लागवड साधल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याच सुमारास सोलनच्या अळंबी संशोधन संचालनालयानेही आपलं यश कळवलं. म्हणजे आक्षेपाचा पहिला भाग खरा ठरला. दुसरा ठरत नाही. लागवडीला जमल्या त्या मोजक्या जाती, बहुतेक मूळच्या जळक्या किंवा ढवळलेल्या जमिनीवर चटकन येणाऱ्या. झाडांच्या मुळांशी ज्यांचं काहीतरी देणंघेणं असल्याचा संशय आहे, त्या अजून हाती लागलेल्या नाहीत. शिवाय चीनमध्येही बियाणं पिढीगणिक थकतं आणि आख्खी शेतं कोरी राहतात. भाव मात्र खाली येईल, ते नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा वेचणाऱ्याला तगायचं तर ‘रानातली’ या शब्दाची किंमत त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे.

ती आज पोचत नाही. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या १९९०च्या दशकातल्या अंदाजानुसार जगात सुमारे १५० टन सुक्या मोरेलचा व्यापार होत असे, आणि त्यात भारत व पाकिस्तान यांचा वाटा प्रत्येकी ५० टनांच्या घरात होता. म्हणजे युरोपच्या ताटातला मोठा भाग या डोंगरांतून जात होता. खरेदी होते ती गावात, रोखीने, पावतीशिवाय. विकणारा मालक म्हणून विकत नाही, जवळजवळ चोरीचा माल असल्यासारखा विकतो. याचं एक मूळ कायद्याच्या भाषेत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मानली, पण गौण वनोपज म्हणजे ‘वनस्पतीजन्य’ असं म्हटलं, आणि बुरशी ही वनस्पती नाही. शब्दांची ही कुरकुर वाटेल, पण महाराष्ट्राला तिचा अनुभव आहे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोजलेला होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं, आणि त्या जुन्या व्याख्येतून बांबू बाहेर पडला २०१७ मध्ये. गवताला गवत म्हणायला एवढा वेळ लागला. बरं, वनहक्क कायद्याची यादी शास्त्राला फार धरून आहे असंही नाही. तीत मध आहे, मेण आहे, लाख आहे, तसरचे कोशही आहेत, आणि हे सगळं किड्यामाश्यांचं काम. तेंदूपानं, कंद, मुळं, औषधी वनस्पती यांची नावं आहेत, आणि शेवटी ‘व तत्सम’. हिमाचलातल्या एखाद्या ग्रामसभेने उद्या गुच्छीवर हक्क सांगितला, तर तिला तो या दोन शब्दांच्या आधारानेच सांगावा लागेल.